या यानाला रिव्हेट कुठे आहेत?

बाणगंगा

१९९८ साल. नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं आणि आमच्या टीव्हीचा आवाज गच्चीपर्यंत जायचा. बाबांचा डावा कान लहानपणीच फुटलेला, त्यामुळे आवाजाचं बटण कायम शेवटच्या काट्यावर. दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' सुरू झालं तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला ते ऐकावंच लागलं. मी अकरा वर्षांचा होतो. मिलिंद सोमण, चकचकीत चिलखत, अवकाशयानं, सूर्यमालेत पळून गेलेले गुन्हेगार. अजून काय पाहिजे?

बाबा ड्यूटीवरून आले, बशीत चहा ओतला, दोन मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या यानाला रिव्हेट कुठे आहेत रे?"

मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, "बाबा, ते भविष्यातलं आहे. तेव्हा रिव्हेट नसतात."

"बरं. मग पत्रा कशानं जोडलाय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाबा आधी मिग-२१ या लढाऊ विमानावर कामाला होते, नंतर मिग-२७ वर. काम पत्र्याचं आणि रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांचं. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून 'डॉली' धरतो. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा पोलादी ठोकळा. बाहेरून गनचा मारा, आतून डॉलीचा विरोध, मध्ये रिव्हेटची शेपटी दबून चपटी होते. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे सगळं बोलणं टकटकीवर. एक टकटक म्हणजे अजून दे, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला, काढ. बाबांच्या जोडीची तरी ही भाषा होती. बाबा अंगाने बारीक, म्हणून आत शिरायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला. घरी आले की कोपरांवर पत्र्याच्या कडांचे ओरखडे.

तर त्या दिवसापासून मला एक खोड लागली. टीव्हीवरचं कुठलंही लढाऊ यान दिसलं की मी ते कसं जोडलंय हे शोधतो. आणि गेल्या काही वर्षांत ही खोड वाढून भलतीकडेच गेली आहे. रिव्हेट सोडा, मी आता इंजिन शोधतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टीव्हीवरच्या विज्ञानकथेत लढाऊ यान तयार होऊनच येतं. हँगरचं दार उघडतं, धूर निघतो, संगीत वाजतं आणि आत झळाळतं यान. त्याच्या मागची वीस-तीस वर्षं कुणी दाखवत नाही. दाखवलीच तर पायलटची रग, फार तर यानाचा आकार. इंजिन मात्र कधीच अडत नाही. ते एखाद्या काल्पनिक स्फटिकावर चालतं आणि एका वाक्यात विषय संपतो.

खऱ्या जगात नेमकं उलटं. आपल्याकडे बनलेलं लढाऊ विमान 'मारुत' बघा. एचएफ-२४. त्याचा मुख्य डिझायनर कुर्ट टँक, दुसऱ्या महायुद्धातल्या फॉकवुल्फ-१९० चा जनक. तो आधी अर्जेंटिनात गेला, तिथून बंगळुरूला आला. विमान इतकं देखणं की आजही फोटो बघून कुणी १९६१ सालचं म्हणणार नाही. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर करून १९५९ मध्ये उडवलं. डाकोटा विमानाने ओढत न्यायचं आणि वर गेल्यावर सोडून द्यायचं. मग १७ जून १९६१ ला खरं विमान उडालं. आराखडा आवाजाच्या दुप्पट वेगाचा. पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर तो आखला, ते पुढे विकसित करायला ब्रिटिश सरकारने पैसे घातले नाहीत आणि आपणही घातले नाहीत. अपेक्षा होती साधारण ३,७०० किलो थ्रस्टच्या (रेट्याच्या) इंजिनाची, मिळालं साधारण २,२०० किलोचं. अशी दोन लावून मारुत उडालं आणि आवाजाच्या वेगाच्या उंबरठ्यावरच घुटमळलं. मूळ इंजिनालाच आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून रेटा वाढवणारा भाग) जोडून बघण्याच्या प्रयत्नात जानेवारी १९७० मध्ये चाचणी वैमानिक सुरंजन दास गेले. तरीही मारुत १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढलं. एकूण १४७ बनली.

पुढे तेजस. प्रकल्पाला मंजुरी १९८३, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. त्याच्यासाठी 'कावेरी' इंजिनाचं काम १९८९ मध्ये हाती घेतलं आणि २००८ मध्ये कावेरी तेजसपासून अधिकृतपणे वेगळं केलं. तेजस आजही अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर उडतं. तेजसच्या नव्या मार्क-१ए आवृत्तीसाठीचं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हातात पडलं. कंत्राट २०२१ चं.

यात कुणी झोपा काढत होतं असं मला म्हणायचं नाही. जेट इंजिनातला टर्बाइनचा भाग हा माणसाने केलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. पातं ज्या मिश्रधातूचं असतं तो वितळेल त्याहून गरम वायूत ते मिनिटाला हजारो फेऱ्या मारत राहतं. उकळत्या तेलातून मेणाच्या झाऱ्याने भजी काढायची आणि झारा वर्षानुवर्षं टिकवायचा, असं काम. त्यासाठी पातं एका सलग स्फटिकाचं ओततात, कारण धातूच्या कणांच्या सीमा म्हणजे फाटायच्या जागा. आतून थंड हवा खेळवायला नाजूक वाटा, बाहेरून सिरॅमिकचा लेप. हे कुणी कुणाला शिकवत नाही. विकतील, शिकवणार नाहीत.

नाशिकला मिगचा सांगाडा बनायचा आणि इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून यायचं. बाबा म्हणायचे, "आम्ही देह करतो, जीव कोरापुटहून येतो."

असा जीव अडलेला दाखवणारी एखादी मालिका कुणाला माहीत आहे का? मला तरी आठवत नाही.

तिखटजाळ

मस्त धागा. जागा धरून ठेवतो, जाणकार येतीलच. तोवर चहा.

(अवांतर : 'कॅप्टन व्योम'च्या नादात आम्ही शाळेच्या गॅदरिंगला चांदीच्या कागदाचे पोशाख केले होते. दुसऱ्या प्रवेशाच्या आधीच फाटले. तेव्हाही प्रश्न जोडायचाच होता म्हणायचा.)

मेपलवाला

बाणगंगा, मारुतवरून आमच्या इथलं दुःख आठवलं. मी टोरांटोच्या विमानतळापासून पंधरा मिनिटांवर राहतो. विमानतळाजवळच्या माल्टन भागातच अॅव्ह्रो कंपनीचा कारखाना होता. इथे 'अॅरो' नावाचं विमान बनलं. शुभ्र रंग, प्रचंड त्रिकोणी पंख. ते लोकांसमोर आणलं ४ ऑक्टोबर १९५७ ला. तारीख ओळखीची वाटते? त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला. दुसऱ्या दिवशी अॅरोची बातमी कोण वाचणार!

२५ मार्च १९५८ ला पहिलं उड्डाण. त्याच्या स्वतःच्या 'इरोक्वाय' इंजिनाचं काम चालू होतं, तोवर अमेरिकी इंजिनं लावून पाच विमानं उडवली. सहावं विमान इरोक्वाय घेऊन उडायच्या तयारीत असताना, २० फेब्रुवारी १९५९ ला, सरकारने प्रकल्प रद्द केला. शुक्रवार होता. एका दिवसात चौदा हजारांवर लोक बेकार. पुढे विमानंसुद्धा कापून भंगारात घातली. सहाव्याच्या नाकाचा भाग तेवढा वाचला, तो ओटावाच्या संग्रहालयात आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. मुलगी म्हणाली, "बाकीचं कुठाय?"

आता तुमच्या विषयाशी जोडतो. त्या बेकार झालेल्या इंजिनिअरांपैकी तीसेक जणांना नासाने उचललं. जिम चेंबरलिनने पुढे जेमिनी यानाच्या रचनेची धुरा वाहिली. ओवेन मेनार्डने चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यांवर काम केलं. म्हणजे रद्द झालेल्या लढाऊ विमानाची माणसं खऱ्या अवकाशयानावर गेली. एवढी कलाटणी मालिकेत दाखवली असती तर आपणच म्हणालो असतो, जरा अति होतंय.

उडती_तबकडी

"इंजिन कधीच अडत नाही" या वाक्याला माझा सक्त विरोध. बाणगंगा, तुम्ही 'स्टारगेट एसजी-१' पाहिलेली नाही, किंवा अर्धवट पाहिली आहे.

त्यात माणसांचं पहिलं लढाऊ यान एक्स-३०१. कसं बनवलं? शत्रूची पकडलेली दोन यानं एकत्र करून. म्हणजे परक्याचा देह, परक्याचाच जीव, वर आपला रंग. चौथ्या सीझनमध्ये, २००० साली, त्याची चाचणी आहे. ओनील आणि टील्क उडवत असतात आणि यान अचानक ऐकेनासं होतं. मूळ मालकाने आत एक छुपी आज्ञा ठेवलेली असते : चोरीला गेलं तर घरी परत ये. मग ते दोघांना घेऊन सूर्यमालेबाहेर सुसाट. पुढचा अख्खा भाग त्यांना परत आणण्याचा. आयात केलेल्या यंत्राचा धोका याहून नेमका मी कुठे पाहिलेला नाही.

आणि खास तुमच्यासाठी : सहाव्या सीझनमध्ये एक्स-३०२ येतं, यावेळी मुळापासून माणसांनी बनवलेलं. अडतं कुठे? इंजिनावर! अतिवेगाच्या उड्डाणासाठी जे इंधन लागतं ते अस्थिर, त्यामुळे यान नेमकं जाईल कुठे याचा भरवसा नाही. मग तडजोड, मग एफ-३०२. एक्सचं एफ, म्हणजे प्रायोगिकचं लढाऊ, कसं होतं, तोही प्रवास दाखवलाय.

हे उगीच जमलेलं नाही. अमेरिकी हवाई दलाचा त्या मालिकेला सल्ला होता, संहिता वाचल्या जायच्या. हवाई दलाचे दोन प्रमुख, जनरल रायन आणि जनरल जंपर, मालिकेत स्वतःच्याच भूमिकेत आले होते. अर्थात हवाई दल आपलं कौतुक करून घेणारच. पण निदान चाचणी फसते हे त्यांनी दाखवू दिलं.

बाणगंगा

तबकडी, शरणागती. स्टारगेट मी केबलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती, ३०१ चा भाग बघितल्याचं आठवत नाही. शोधून बघतो. "घरी परत ये" ही आज्ञा भारी आहे.

मेपलवाला, "बाकीचं कुठाय" वाचून पोटात खड्डा पडला.

शंकासूर

एक मूलभूत शंका. मालिका करमणुकीसाठी असते, प्रकल्पाचा प्रगती अहवाल वाचायला नव्हे. टर्बाइनचं पातं ओतायला किती वर्षं लागली यावर चाळीस मिनिटं कोण बघेल? माझी बायको तर नाहीच बघणार. मीही नाही.

आणि रिव्हेट-इंजिन बाजूला ठेवा, मला वेगळाच त्रास आहे. हवा नसलेल्या अवकाशात ही यानं विमानासारखी तिरकी होऊन वळतात कशी? पंखाला रेटायला हवा कुठे आहे? एवढ्या वर्षांत मला एकच मालिका प्रामाणिक वाटली, 'बॅबिलॉन ५'. त्यातलं स्टारफ्युरी इंग्रजी एक्सच्या आकाराचं, चार टोकांना चार इंजिनं. पुढे सुसाट जाता जाता जागच्या जागी गर्रकन उलटं फिरतं आणि मागच्याला गोळी घालतं, वेग मात्र तसाच पुढे. न्यूटनबाबा खूश. ही दृश्यं त्यांनी सुरुवातीला अमिगा नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवर बनवली होती. खर्च कमी, डोकं जास्त. आपल्या निर्मात्यांनी हे वाचावं.

जुनंखोड

शंकासुराशी अर्धा सहमत. पण रिव्हेट बाजूला ठेवू नका हो, सगळी गंमत तिथेच आहे.

मी मुंबईत एका जाहिरात स्टुडिओत मॉडेलं बनवायचो, कॉम्प्युटर यायच्या आधी. आमचं दैवत डेरेक मेडिंग्ज, 'थंडरबर्ड्स'ची मॉडेलं करणारा. या माणसाने ओळखलं की नवंकोरं गुळगुळीत मॉडेल कॅमेऱ्यात खेळणं दिसतं. म्हणून तो ते मळवायचा. काजळी, तेलाचे ओघळ, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा. वर प्लॅस्टिकच्या विमान-किटांचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे नळ्या, झडपा, झाकणं वाटतील. हे आम्हीही केलं आहे. पांढऱ्या मॉडेलवर पेन्सिलीने सांधे ओढायचे आणि बोटाने किंचित पुसायचे. रेघ पुसली नाही तर चित्र दिसतं, जास्त पुसली तर घाण दिसते. बरोबर जमलं की वीतभर वस्तू पन्नास फुटांची होते. म्हणजे बाणगंगांच्या वडिलांनी १९९८ मध्ये जो प्रश्न विचारला तो आमच्या धंद्याचा पहिला धडा होता. त्यांनी आमच्याकडे नोकरी करायला हवी होती.

आता एक योगायोग. ब्रिटनने टीएसआर-२ नावाचं अफलातून विमान बनवलं. २७ सप्टेंबर १९६४ ला उडालं, ६ एप्रिल १९६५ ला अर्थसंकल्पाच्या भाषणात रद्द. उडालं एकच विमान, तेही २४ वेळा. आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला 'थंडरबर्ड्स' टीव्हीवर सुरू झालं. खरं विमान अर्थमंत्र्याने उतरवलं आणि सहा महिन्यांनी त्याच देशातली पोरं टीव्हीसमोर बसून बाहुल्यांची विमानं उडताना बघत होती. आमच्या पिढीतल्या ब्रिटिश मित्रांना मी हे चिडवायला वापरतो.

झीरोवन

बंगळुरूहून. ऑफिसात कंपाइल चालू आहे तोवर टंकतो. :)

सगळे देह आणि जीव यावर बोलताय, डोक्याचं काय? तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेलं विमान आहे. कॉम्प्युटर क्षणभर बंद पडला तर कुठलाही माणूस ते सांभाळू शकत नाही. म्हणून त्याच्या उड्डाण-नियंत्रणाला चार समांतर वाहिन्या आहेत. एक बिघडली तर बाकीच्या तिला मतदानाने बाद करतात.

हा कोड लिहायच्या कामात अमेरिकेची मदत होती. मे १९९८ मध्ये पोखरण झालं, निर्बंध आले, तिकडे काम करणाऱ्या आपल्या लोकांना परत पाठवलं आणि सामान तिकडेच अडकलं. (बाणगंगा, म्हणजे तुम्ही 'कॅप्टन व्योम' बघत होता साधारण तेव्हाच.) मग उरलेलं काम आपल्या लोकांनी इथे बसून केलं. अडीच-पावणेतीन वर्षांनी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी विमान उचललं तेव्हा तो कोड पहिल्यांदाच खऱ्या तेजसवर, खऱ्या हवेत चालला. मी तेव्हा शाळेत होतो, पण आता सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे त्या टेबलावरच्या माणसांच्या पोटात काय झालं असेल ते कळतं. आमच्याकडे बिल्ड फुटलं तर वेबसाइट बंद पडते.

आता मालिकेकडे. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची २००३ ची नवी आवृत्ती. शत्रूने सगळ्या आधुनिक यानांच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार ठेवलेलं. एक इशारा आणि नवीकोरी मार्क-७ वायपर यानं हवेत, सॉरी, पोकळीत मेल्यासारखी तरंगत राहतात आणि टिपली जातात. वाचवायला कोण येतं? गॅलॅक्टिकाचं संग्रहालय करायचं ठरलेलं असतं, त्यासाठी मांडून ठेवलेली जुनाट मार्क-२. त्यांना नेटवर्कच माहीत नाही, हॅक काय करणार! दुसऱ्याचा कोड वापरणाऱ्या प्रत्येक देशाच्या संरक्षण खात्यात हा भाग सक्तीने दाखवावा.

सगळ्यात भारी गोष्ट शेवटी. अमेरिकेकडे 'व्हिस्टा' नावाचं एक एफ-१६ आहे. एकुलतं एक. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या विमानाचे नियम भरले की ते त्या दुसऱ्या विमानासारखं वागतं. पुढच्या सीटवरच्या वैमानिकाला वाटतं आपण तेच उडवतोय. मागे एक सांभाळणारा बसलेला असतो. थोडक्यात, बहुरूपी. कधी पोलीस, कधी वाघ, कधी साधू. तर १९९६ मध्ये या बहुरूप्याने तेजसचं सोंग घेतलं होतं. आपले नियम हवेत गेले ते त्याच्या अंगात शिरून, तेजस उडायच्या साडेचार वर्षं आधी.

तेच विमान आज एक्स-६२ए नावाने ओळखलं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेने चालवून माणसाच्या एफ-१६ समोर हवाई झुंजीला उतरवलं. मे २०२४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे मंत्री फ्रँक केंडल स्वतः त्यात बसले. ज्या अंगात कधीकाळी आपलं तेजस शिरलं होतं, त्यात आता यंत्र शिरलंय.

शंकासूर

बहुरूपी! हे मला माहीत नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, तिने दोनदा "खरंच?" म्हटलं. आमच्या घरात हा विक्रम आहे.

साकुरा_कोथरूड

मी इथे वयाने सगळ्यात लहान असणार, पण कुणीच अॅनिमेचं (जपानी अॅनिमेशनचं) नाव काढलं नाही म्हणून लिहितेय.

बाणगंगा काका, तुम्हाला पाहिजे ती गोष्ट जपानने १९९४ मध्येच केली आहे. 'मॅक्रॉस प्लस'. तांत्रिकदृष्ट्या ही टीव्हीवरची मालिका नाही, व्हिडिओवर आलेले चार भाग. पण मूळ 'मॅक्रॉस' १९८२ ची टीव्ही मालिकाच आहे. त्यातलं वाल्कीरी यान एफ-१४ वरून बेतलेलं, रचना शोजी कावामोरींची. 'प्लस'चं कथानकच मुळी दोन प्रायोगिक विमानांची स्पर्धा! वायएफ-१९ आणि वायएफ-२१. एकाचे पंख पुढे झुकलेले, अमेरिकेच्या खऱ्या एक्स-२९ सारखे. दुसरं वैमानिकाच्या नुसत्या विचारावर चालतं. मनात राग आला तर विमानालाही येतो, आणि मग काय व्हायचं ते होतं.

यामागे अमेरिकेची खरी स्पर्धा आहे. १९९० मध्ये वायएफ-२२ आणि वायएफ-२३ समोरासमोर उडाली, एप्रिल १९९१ मध्ये २२ जिंकलं. २३ दिसायला किती सुंदर होतं ते फोटो बघूनच कळेल. हरलेल्या २३ ची सावली वायएफ-२१ वर सरळ दिसते. हरलेल्यांवर प्रेम करायला जपान्यांकडून शिकावं.

आणि शेवट (ज्यांना बघायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा) : दोन्ही विमानांची स्पर्धा अर्ध्यातच रद्द होते, कारण सरकारने गुपचूप तिसरंच बनवलेलं असतं. घोस्ट. बिनवैमानिकाचं. झीरोवन दादांनी सांगितलेलं एक्स-६२ए आणि २०२५ मध्ये उडालेलं अमेरिकेचं बिनवैमानिकाचं वायएफक्यू-४२ए बघताना मला सारखं तेच आठवतं. नावातलं 'वायएफ'सुद्धा तेच!

जुनंखोड

साकुरा, आजच बघायला घेतो. नातवाला विचारलं तर म्हणाला, "आजोबा, तुम्हाला झेपणार नाही." बघूच.

रेझीन

मोबाइलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझं काम कार्बन कॉम्पोझिटमधलं आहे (विमानाचं नाही, पण भाऊबंदच), म्हणून रिव्हेटच्या मूळ मुद्द्यावर येतो.

तेजसच्या सांगाड्याचं वजनाने साधारण ४५ टक्के कॉम्पोझिट आहे आणि बाहेरचा पृष्ठभाग तर बहुतांश तोच. म्हणजे मिगवर दिसायची तशी रिव्हेटची रांगच्या रांग त्यावर दिसत नाही. 'भविष्यात रिव्हेट नसतात' हे लहानपणीचं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं.

पण पूर्ण बरोबरही नाही. कार्बनचा पत्रा, खरं तर तो पत्रा नव्हेच, राळेत भिजवलेल्या कापडाचे थरावर थर भट्टीत शिजवलेले असतात. त्याला मिगसारखं गनने ठोकलं तर थर सुटतात, आणि सुटलेले वरून दिसतही नाहीत. शिवाय अॅल्युमिनियमचा रिव्हेट कार्बनला लागून राहिला तर ओलीत अॅल्युमिनियम गंजतं. म्हणून तिथे टायटॅनियमचे फास्टनर, ठोकायचे नाहीत, पिळून बसवायचे. भोक पाडणं ही तर वेगळीच साधना. ड्रिल पलीकडे निघताना शेवटचा थर भुशासारखा फाटतो, म्हणून मागे आधाराला फळी धरावी लागते. एक भोक बिघडलं की अख्खा भाग बाद होऊ शकतो. बिघडला, काढ, दुसरा ठोक, हा प्रकार नाही.

थोडक्यात, बाणगंगांच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर : काही ठिकाणी चिकटवलंय, काही ठिकाणी पिळलंय.

बाणगंगा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा काढताना वाटलं होतं, दोन प्रतिसाद येतील आणि एक जण शुद्धलेखन काढेल.

काल नाशिकला गेलो होतो, बाबांना हा धागा वाचून दाखवला. उजव्या बाजूला बसून, कारण तोच कान चालतो. मारुतवर काही बोलले नाहीत. अॅरो कापल्याचं ऐकून "च्च" केलं. बहुरूप्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, "मागच्या सीटवर बसतो त्याला पगार किती?" साकुराच्या घोस्टवर मान हलवली फक्त.

ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच उडालं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं. आवाज अर्थातच शेवटच्या काट्यावर. मी फोन केला तेव्हा म्हणाले होते, "छोटं आहे रे. पण वळतं चांगलं." थोड्या वेळाने, "इंजिन त्यांचंच ना?" म्हटलं, हो. मग आईला फोन दिला.

रेझीन, तुमचा प्रतिसाद मात्र त्यांनी फार लक्ष देऊन ऐकला. मागे फळी धरावी लागते, इथे मला थांबवलं. तुमच्यासाठी प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहितो : "पिळायचं असेल तर आतून डॉली धरायला नको. मग आत कोण शिरतं?"

रेझीन

काकांना नमस्कार सांगा. काही फास्टनर एकाच बाजूने बसतात, तिथे कुणीच शिरत नाही. पण जिथे मागून नट लावायचा असतो तिथे आत शिरावंच लागतं. आमच्याकडे अजूनही टीममधल्या सगळ्यात बारीक पोरालाच पाठवतात. टॉर्च तोंडात धरतो. कोपरांचं म्हणाल तर तेच.

तिखटजाळ

चहा संपला, धागा संपेना. साकुरा, ते चार भाग कुठल्या क्रमाने बघायचे ते लिहून ठेव, आमच्या घरीही एक आजोबा आहेत.